चार्ज यादी

फुटबॉल चौदा. त्यातले हवा धरणारे पाच.
व्हॉलीबॉलच्या जाळ्या दोन, एकीत उंदरानं रस्ता काढलेला.
भाले सात, टोकं सहा.
सातवं टोक बागवान मॅडमच्या वेळी गेलं,
लिहिलं गेलं हत्तुरे सरांच्या नावावर,
कारण मॅडम समोर होत्या आणि सर सुटले होते.
नवीन सर विचारतात, हे कसं काय?
मी म्हणतो, यादीत तसंच आहे, सर.

साडेतीन वर्षांत ही माझी पाचवी यादी.
व्हनमाने सर कायमचे म्हणून आले,
पडदे शिवायला टाकले,
पडदे आले तेव्हा सर नव्हते.
हत्तुरे सर प्रभारी. बागवान मॅडम अतिरिक्त प्रभारी.
मधल्या एकांचं नाव पाटीवर चढलंच नाही,
पेंटर अशोक चौकातून निघेपर्यंत आदेश फिरला.
त्यानं आता नावाची जागा मोकळी ठेवून
‘क्रीडा संचालक’ तेवढं पक्क्या रंगात काढलंय.
वर खडूनं लिहा म्हणाला, इरण्णा,
तुमचं आमचं दोघांचं वाचेल.

प्रत्येकानं पहिल्या दिवशी मैदान पाहिलं.
प्रत्येकजण म्हणाला, सिंथेटिक ट्रॅक करायचा.
मी चुन्याची गाडी काढली,
मुरमावर पुन्हा तेच आठ पट्टे मारले.

गेल्या वर्षी मध्ये नऊ दिवस असे होते
की हत्तुरे सर गेलेले, मॅडम रुजू व्हायच्या.
खुर्ची होती. शिक्का कुलपात होता.
आणि रेणुका चिलका रोज दारात,
विडी घरकुलातून दोन बस बदलून आलेली,
हातात प्रवेशिका, घामानं कोपरा मऊ झालेला.
सर, नवीन सर आलेत काय की?
मी सर नाही. मी स्टोअरकीपर.
तिला ते माहीत होतं, तरी सरच म्हणायची.
दहाव्या दिवशी सही झाली.
मुदत आठव्या दिवशीच संपलेली.

ती रडली-बिडली नाही.
तिकडं पंधराशे मीटरची फायनल ज्या सकाळी,
त्याच सकाळी इथं आली, म्हणाली, वेळ लावा.
एकटीच पळाली. पावणेचार फेऱ्या.
पुढं कोणी नाही, मागं कोणी नाही,
शेवटच्या वळणावर तेवढं मैदानातलं कुत्रं.
चार मिनिटं एकेचाळीस.
मी ते कुठं लिहिणार?
रद्द झालेल्या यादीच्या पाठीवर लिहिलं.
त्या रात्री आईच्या सुपाशी बसून
तिनं उरलेल्या तीनशे विड्या वळल्या,
हे नंतर तिच्या भावानं सांगितलं.

स्टॉपवॉच तीन. बंद तीन.
हे खोटं आहे.
एक चालू आहे, माझ्या खिशात.
यादीत आलं की ते कपाटात जातं,
कपाटाची किल्ली पाकिटात, पाकिटावर लाख,
आणि पोरगी सकाळी साडेसहाला पायांत बूट घालून उभी.
सत्तावीस वर्षांच्या नोकरीत केलेली चोरी ही एवढीच.
चोरी म्हणजे, घरी नेत नाही.
रविवारी नेतो. रविवारीही ती पळते.

नवीन सरांचं नाव अजून तोंडात बसलेलं नाही.
सह्या मात्र भरभर करतात.
पान नऊ, दोऱ्या. पान बारा, मॅट, उसवलेल्या.
चौदाव्या पानाखाली मी
रेणुकाची या वर्षीची प्रवेशिका ठेवली होती.
पेन थांबलं.
सरांनी चष्मा कपाळावर नेला.
हे कुठलं साहित्य?

खिडकीबाहेर पट्ट्यांचा चुना अजून ओला होता.
मी म्हणालो,
चालू स्थितीत आहे, सर.