राखीव उजेड

पुलापर्यंत महापालिकेचे दिवे असतात.
शिवाजी पूल उतरला की ज्याचा रस्ता त्याचा.

मागच्या मंगळवारी तिथंच
हँडलवरचा दिवा दोनदा लुकलुकला
आणि गेला,
बिल थकलेल्या घरातली वीज जावी तसा.
वडणग्याच्या फाट्यापर्यंत सायकल हातात धरून चालले.
मागून उसाच्या ट्रॉल्या.
एकीलाही पाठीला लाल काच नाही,
गाणं मात्र कर्णा फाटेस्तोवर.
ट्रॉली आली की मी कडेच्या गवतात,
गेली की परत डांबरावर.
घरी पोचले तेव्हा सलवारीला
कुसळंच कुसळं.

शनिवारी लक्ष्मीपुरीत, मुजावरांच्या दुकानात.
"ताई, ह्यो घ्या. हजार लुमेन!
जोतिबाच्या डोंगरावर मारला
तर गुरव खाली वाकून बघतोय, कोण आलं म्हणून."
मी म्हटलं, डोंगर माझ्या वाटेत नाही.
माझ्या वाटेत खड्डे आहेत.

मग एक भोंगा असलेला निघाला,
एक मोबाईल चार्ज करणारा,
एकात रेडिओसुद्धा.
चार्जिंगचा नको, म्हटलं.
राखीव वस्तू आपण विसरणारच,
तिनं आपल्याला विसरू नये.
एका पेन्सिल सेलवर चालणारा दाखवा,
भिंतीवरच्या घड्याळात असतो तो सेल,
फाट्यावरच्या टपरीतही मिळतो.
बटण आत दबलेलं पाहिजे,
पिशवीत डब्याला घासून पेटायला नको.
आणि दातात मावला पाहिजे:
चेन पडते तेव्हा दोन्ही हात काळे होतात,
दात तेवढे मोकळे राहतात.

मुजावरांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"बॅटरीतलं एवढं कसं कळतंय ओ तुम्हाला?"

उद्यमनगरात ओतीव माल तपासते मी, तेरा वर्षं झाली.
पंपाची झाकणं, दिवसाला तीनशे.
बिडातली चीर समोरून दिसत नाही कधी.
उजेड आडवा मारावा लागतो,
झाकणाला गाल टेकवल्यासारखा;
मग केसाएवढ्या चिरेचीही सावली पडते.
भूपाल चौगुले मिस्त्री पहिल्या आठवड्यात म्हणाले होते,
"वरनं दिवा धरून खोट घावत न्हाई पोरी.
खाली वाक. उजेडालाबी वाकीव."

शटर अर्धं ओढायला लावलं.
त्यांच्या धाकट्यानं फरशीवर एक रुपया ठेवला.
हजार लुमेननं सगळं नुसतं पांढरं केलं,
रुपया कुठला, फरशी कुठली.
मग माझ्या मधल्या बोटाएवढा एक, साधा, करडा,
जमिनीवर आडवा ठेवून मंद लावला,
आणि रुपयाला विहिरीचा काठ फुटला.
पोरगं म्हणालं, "आयला."

दोनशे दहा म्हणाले, दोनशे दिले.
सेल फुकट.

जुन्या ट्यूबची पट्टी कापून
पुढच्या चिमट्याला, आसाच्या जवळ बांधलाय.
हँडलवर नवा मोठा दिवा आहे,
अजून धडधाकट. म्हणजे ह्याची तशी गरज नाही.

तरी पूल उतरला की मी थांबते,
मोठा बंद करते,
वाकून लहान लावते.
नदीकडून धुकं येत असतं,
कुठल्यातरी गुऱ्हाळात काहिल उतरत असते.
अकरा वर्षांचा रस्ता, पण असा
चाकाच्या उंचीवरून पाहिलेला नव्हता:
खडीच्या दाण्यादाण्यामागं सावली,
चिखलात वाळलेले म्हशींचे खूर,
चाकाखाली चपटं झालेलं उसाचं कांडं.
आणि भाताच्या गिरणीपुढचा तो खड्डा,
ज्याला तीन वर्षं वळसा घालत आले
(एकदा तर वळसा घालतानाच पडले),
त्याला सावलीच पडेना.
खड्डा नव्हताच.
डांबराचं ठिगळ, सपाट, काळं.

काल त्याच्यावरून सरळ गेले.
एकदा गेले, परत फिरून आणखी एकदा.
तेवढ्यात समोरून ट्रॉली आली,
मग मोठा लावला.