लाल उजेडात लाल पेन्सिल

डलूथमध्ये शुक्रवारी रात्री उणे एकवीस.
सरोवर काठाकाठाने गोठलेलं,
लोहखनिजाची जहाजं वसंतापर्यंत बांधून ठेवलेली,
आणि उतारावरच्या तळघरात
आम्ही साठेक माणसं,
एका खुंटीवर सहा-सहा कोट टांगून.

माझी जागा ठरलेली. डावीकडे, खांबाला टेकून,
बुटांवरून वितळलेल्या बर्फाचं थारोळं चुकवत.
दिवसा मी शाळेची बस चालवते.
चित्रांची वही म्हणजे बसच्या तपासणीचे जुने फॉर्म,
पाठकोरे, एका चिमट्यात धरलेले.
कुणी विचारलं, चित्रकार का तुम्ही?
तर मी म्हणते, नाही हो, ड्रायव्हर.
आणि पेन्सिल चालू ठेवते.

बँडचं नाव 'गिरमिट'.
बर्फाला भोक पाडून मासे धरायचं ते.
ऐकताना नाव पटतं.

बेसवर ऑर्व्हिल, धंद्याने प्लंबर.
गाडलेल्या खांबासारखा उभा राहतो,
म्हणून माझ्याकडे त्याची चाळीस चित्रं आहेत.
एकदा म्हणाला, मीच का नेहमी?
म्हटलं, तू हलत नाहीस.
'बायकोही हेच म्हणायची,' म्हणाला,
आणि तार जुळवायला खाली वाकला.

अकॉर्डियनवाला तोइव्हो सोपा:
आधी पोट, मग भाता, मग परत पोट.
लेनर्ड डेफो गिटार वाजवताना डोळे मिटतो,
ओठ मात्र मोजत असतात. ते मोजणं
कागदावर अजून उतरलेलं नाही.

आणि ड्रमवर मार्नी.
तिचे हात काढायला जावं तर तिथे हात नसतातच,
नुकतेच निघून गेलेले असतात.
मग मी तिचा बूट काढते, स्टुलाचा पाय काढते,
घामाने मानेला चिकटलेली बट काढते.
आठ वर्षं माझ्याच बसमध्ये होती,
डावी बाजू, शेवटून दुसरी सीट.
पुढच्या सीटच्या पाठीवर बडवत बसायची.
रोज आरशात बघून ओरडायचे मी:
मार्नी, हात मांडीवर!
ऐकायची. वळणापर्यंत.

काल मध्यरात्रीच्या सुमाराला काळी पेन्सिल मोडली.
खिसा चाचपून मिळेल ती काढली.
तेवढ्यात दिवेवाल्या पोरीने
सगळं स्टेज लाल करून टाकलं.
कोऱ्या बाजू संपल्या होत्या, म्हणून फॉर्म उलटला,
छापील बाजूवर हात चालवला,
आणि रेघ उमटेना.
फक्त काळे शब्द दिसत होते: टायर. आरसे. वायपर.
दाबून काढलं, तरी नाही.
तेव्हा कळलं, पेन्सिल लाल आहे,
आणि लाल उजेड लाल रेघ गिळून टाकतो.

थांबायला हवं होतं.
पण मार्नीने तेवढ्यात काठ्या टाकून
तळव्यांनीच वाजवायला घेतलं,
आणि माझा हात थांबेना.
कागदाकडे बघायचं सोडूनच दिलं मी.
कानाने धप्प ऐकलं की मनगट खाली,
शांत झालं की वर.
शेजारचा माणूस बिअर सांभाळत म्हणाला,
बाई, काही उमटत नाहीये.
मला माहीत आहे, मी म्हटलं.

सकाळी स्वयंपाकघरात, कॉफी उकळेपर्यंत,
कोटाच्या खिशातून तो कागद काढला.
चेहरा नाहीच. ड्रमही नाही.
नुसते हात, अकरा, की बारा,
एकावर एक पडलेले,
काही बोटांशिवाय, एक उलटा,
एक कागदाच्या कडेवरून पार बाहेर गेलेला.
ब्रेकच्या चौकटीवर अंगठा.
आणि खाली, 'असामान्य आवाज येतो का?'
या प्रश्नापुढच्या 'हो'वर
तिचा तळवा बरोब्बर टेकलेला.

सोमवारी पहाटे बस गरम करताना
मागे चालत गेले. डावी बाजू, शेवटून दुसरी.
पुढच्या सीटची पाठ कधीच बदललीय,
नवं रेक्झिन, निळं.
हातमोजा काढला.
दोनदा वाजवून पाहिलं.

बरं वाजतं.