उरलेले आठ सेकंद

वक्तृत्व स्पर्धेत माझं काम फक्त वेळ बघायचं.
सहाव्या मिनिटाला एक घंटा, सातव्याला दोन.
विश्रामबागच्या या सभागृहात सतरा वर्षं
मी कुणाला एक सेकंद जास्त दिला नाही
की कमी.
एरवी ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर आकडे चिकटवतो.

क्रमांक अकरा उठला. पलूसचा मुलगा,
शर्टाला ताजी इस्त्री, कोपराशी एक चटका बसलेला.
चिठ्ठीत विषय आला होता : ‘बोलायचं कुठपर्यंत?’
तो म्हणाला, मी बेधडक बोलणार,
आणि मग आमच्यावर आला.
पुरुषासोबत राहणारे पुरुष, बाईसोबत बाया, ही कीड आहे, म्हणाला.
त्याला काय माहीत, कीड कुठं बसलीय :
टेबलावर हिरवं कापड, कापडावर पितळी घंटा,
घंटेमागं
चष्मा पुसणारी.

टाळ्या पडल्या.
चांगला बोलत होता, हे म्हणायलाच हवं.
आवाज पोटातून, विराम जागच्या जागी.
तिसऱ्या मिनिटाला परीक्षक बाईंनी माझ्याकडं पाहिलं,
भुवईनंच म्हणाल्या, वाजवा.
माझं बोट घंटेवर होतं.

घरी मी एकदाच तोंड उघडलं होतं,
कडेगावला, जेवणं चालली असताना.
चौथ्या शब्दाला आबांनी
भरल्या ताटात हात धुतला.
त्या पाण्याचा आवाज अजून येतो.
त्यानंतर त्या घरात मी बोललो ते फक्त
खताचे भाव, आणि लग्नाच्या तारखा,
दुसऱ्यांच्या.

बोट उचललं.
यात थोरपणा नव्हता, हात घामेजला होता.
आणि खरं सांगतो, पाचव्या मिनिटाला
काटा पुढं ढकलावा असं येऊन गेलं मनात.

नंतर तो पाण्याच्या पिंपाशी भेटला.
“सर, वेळेत होतो ना?”
“सहा मिनिटं बावन्न. आठ सेकंद उरवलेस.”
“अरेरे, अजून एक वाक्य बसलं असतं.”
“मग ते मला दे,” म्हणालो, आणि घड्याळाची कळ दाबली :
“मार्केट यार्डातल्या बाळगोंडा तोलाईदाराबरोबर
मी एकवीस वर्षं संसार करतोय,
आज त्यानं डब्यात मेथी दिली.”
कळ.
सात पूर्णांक चार.

पेला त्याच्या ओठाशी तसाच. कान लाल.
“मग तुम्ही मला थांबवलं का नाही?”
“तुझी वेळ होती ती.”
“राग नाही आला?”
“येतोय अजून.
पुढच्या खेपेला हेच बोल हवं तर.
फक्त माझ्याकडं बघून बोल.”
त्याची पावणेसहाची एसटी होती.
जाताना त्यानं पेला विसळून पालथा घातला.
याचा अर्थ काय लावायचा, मला कळलं नाही.

बाळगोंडाला हे पटलं नाही.
पूर्वी हळदीचा भाव रुमालाखाली
बोटं दाबून ठरायचा म्हणे.
आमचंही तसंच ठरलेलं, भर बाजारात, कापडाखाली, न बोलता.
आज मात्र तो बोलला :
“तू वेळ मोजलास. बोलण्याला वजनबी असतंय.
तिसऱ्या रांगेत आपल्यातलं एखादं पोरगं बसलं असंल तर?
त्याच्या डोस्क्यावर पोतं पडलं, ते कुणी तोलायचं?”

तिसरी रांग मी पाहिलीच नव्हती.
घड्याळ बघत होतो.

त्यानं ते उचललं, तळहातावर जोखलं,
“ऐंशी ग्रॅम,” म्हणाला, आणि ताटं वाढायला उठला.
काचेवर त्याच्या अंगठ्याचा पिवळा ठसा.
उद्या अंतिम फेरी. अकरा क्रमांक आहे तीत.
ठसा पुसला
तर आकडे नीट दिसतील.