शेवटच्या ठाण्याची वही

महापेला, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या पडद्यावर
एका परक्या नदीच्या जुन्या वह्या उघडतात.
जांभळी शाई, कोपऱ्याला चहाचा डाग,
तारीख, पातळी, विसर्ग.
मी आकडे उचलते, चौकटीत ठेवते.
पानाला साडेसात रुपये.

जरफशान तिचं नाव. सोनं उधळणारी.
हिमनदीच्या तोंडातून निघते तेव्हा मात्र
भांडी घासलेल्या राखेच्या पाण्यासारखी.
दोन डोंगररांगांच्या चिरेतून सरळ पश्चिमेला,
डावीकडून फानदर्या येऊन मिळते,
मग पंजकेंत, मग सपाटी,
आणि समरकंदापाशी ती दुभंगते:
एक आकदर्या, पांढरी. एक करादर्या, काळी.
मधल्या बेटावर शेतं. खाली पुन्हा एक.

पहिल्या महिन्यात मला वाटलं, काही चुकत नाही इथं.
जानेवारीत जेमतेम चाळीस घनमीटर, जुलैत चारशेच्या पुढं.
जुलै म्हणजे पाऊस, आपल्यासारखाच.
मग शेजारचा रकाना पाहिला: पाऊस, जुलै, काही नाही.
तिथं पूर उन्हानं येतो.
आभाळ जितकं निरभ्र, तितकं पाणी गढूळ.
ढग आले की नदी उतरते.
दोन दिवस मी खिडकीतून पारसिकच्या डोंगराकडे
जरा संशयानंच बघत होते.

रात्री घणसोलीत, जेवताना, आबांना सांगितलं.
आबा उघाडीवाले. चाळीस वर्षं
खाजणाच्या बांधावर झडप सांभाळली,
ओहोटीला गोडं सोडलं, भरतीला खारं अडवलं.
तिथी सांगा, ते उधाण सांगतील, भांग सांगतील.
"दर्याला कुठं मिलतं ती?"
मिळत नाही, म्हटलं. बुखारा ओलांडते,
काराकुलच्या पुढं वाळूत संपते.
अमूदर्या तिथून फार लांब नाही,
पण तोवर कापूस पिऊन गेलेला असतो, कलिंगडं पिऊन गेलेली असतात.
"मंग तिला नदी कशी बोलायची?"
तिकडं, आबा, नदीलाच दर्या म्हणतात.
ते निवट्याचा काटा काढत राहिले.
"मंग झालं की. दर्या कशाला कुनाला मिलंल."

आज शेवटच्या ठाण्याची वही आली.
जूनपासून सगळी पानं एकसारखी.
सकाळी आठ: शून्य.
रात्री आठ: शून्य.
मध्येच सोळा दिवस कोरे.
मग पुन्हा शून्य, शून्य, हस्ताक्षर दुसरं.
कुट्टीसर म्हणाले, सगळंच कोरं सोड ना,
शून्य काय, रिकामं काय, पाणी नव्हतंच.

एक नाही ते, सर.
शून्य म्हणजे कुणीतरी गेलं होतं.
कोरड्या पात्रात उतरलं, बुटांत वाळू गेली,
रंग उडालेल्या पट्टीपुढं वाकून पाहिलं,
आणि परत येऊन लिहिलं.
कोरं म्हणजे कुणालाच माहीत नाही.
तो तापानं पडला असेल. लेकीच्या लग्नाला गेला असेल.
त्या सोळा दिवसांत
नदी येऊनही गेली असेल.

सर मान हलवून चहाला गेले.
मी शून्यं टाकली, एकेक.
सोळा दिवस मोकळे ठेवले.
त्या पानाला वेळ लागला, रुपये साडेसातच.

आमचं खाजण भरलं त्याला एकोणीस वर्षं झाली.
उघाडी होती तिथं आता पार्किंग, खाली दोन मजले.
आबा अजून भरतीला उठतात,
काल पावणेदोन, आज अडीच,
उद्या सव्वातीनच्या सुमाराला उठतील.
गॅलरीत जातात, कठड्यावर वाकतात,
खालच्या फरशांकडे बघून परत येतात.
अंधारात मी विचारते, काय हो?
"काय नाय. झोप."