सोऱ्या

आठ वर्षं जहाजाच्या मुदपाकखान्यात
मी सॉसेज भरायचो यंत्रानं.
पायाशी एक खटका. दाबला की सुरू, सोडला की बंद.
दोनातो, आमचा थोरला खानसामा, एवढंच सांगायचा:
बडीशेप आधी भाज, मग भरड,
पूड केलीस तर समुद्रात फेकीन तुला.

आता अमळनेर. मे महिना.
पंख्याखालीसुद्धा चरबी वितळते,
म्हणून खिमा बर्फाच्या परातीत.
डुकराचं इथे कोण देणार,
आणि दिलं तरी कॉलनीत कोणत्या पिशवीतून आणणार?
बोकडाचाच घेतला, हाजीमियांच्या दुकानातून,
गुर्द्याभोवतीची चरबी वेगळी बांधून.
आतडी मागितली तेव्हा ते थांबले,
कुत्र्यासाठी का, म्हणाले.
मी हो म्हटलं.

लसूण सोलला. लाल मिरची हातानं चुरली.
वाइनऐवजी ताक घातलं थोडं,
दोनातोनं मला खरंच फेकलं असतं.

आई दारात उभी.
'हाई काय शे रे भाऊ?'
मी सांगायला लागलो: इटली, साल्सिच्चा,
कातडं कसं उलटं करतात, ते मला नीट जमत नाही,
तिकडे मिठात घातलेलं तयार यायचं...
तिनं बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या,
झाडूची एक काडी मोडून धुतली
आणि आतड्याचं टोक त्या काडीवर चढवून
असं उलटवलं
जसा शाळेतून आल्यावर माझा मोजा उलटवायची.
मीठ. हळद. पाणी. पुन्हा मीठ.
फुंकर मारून बघितलं कुठे फाटलंय का.

'तुले कोनी शिकाडं?'
तिनं उत्तर दिलं नाही.
आप्पा पोस्टात लागले, आम्ही कॉलनीत आलो,
तेव्हापासून या घरात शिजलेल्या गोष्टी
मला एकेक आठवतात.
त्यांत हे नव्हतं.

नरसाळं लहान पडलं. खिमा अडकला.
मग फळीवरून तिनंच काढून दिला
तिच्या लग्नातला पितळी सोऱ्या,
एका भोकाची चकती लावून.
मी दाबतोय, ती सोडतेय,
अंगठ्यानं हवा पुढे ढकलत,
वीतभर झालं की पीळ,
पुढचा पीळ उलट्या बाजूला.
हे दोनातोनं मला तीन महिन्यांनी सांगितलं होतं.

माळ झाली. गच्चीच्या जिन्यात, सावलीत,
दोरीवर टांगली वारा लागायला.
पलीकडून कोकिळाबाईंनी मान उंचावली.
आई म्हणाली,
'नवी तऱ्हानी कुरडई शे.'
चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही तिच्या.

रात्री मागच्या अंगणात
कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी ठेवली
आणि त्यांच्या बाजूला ही माळ.
दोन फुटली. चरबी जाळात पडून
जाळ ताडकन उठला,
वास भिंतीवरून कुठवर गेला, माहीत नाही.
फुटलेली दोन मी भरतातच कुस्करली,
वर कांद्याची पात, शेंगदाणे.
कळण्याच्या भाकरीबरोबर आप्पा तिसऱ्यांदा घेत म्हणाले,
बडीशेप जेवणानंतर खातात, जेवणात नाही.
आई शेवटी जेवली. एक अख्खं,
हातानं तोडून, डोळे मिटून.
मला वाटलं आता काही बोलेल.
'मीठ कमी शे,' म्हणाली.

मग सोऱ्या घासायला बसली.
राखेनं, चिंचेनं, पुन्हा राखेनं,
चकतीचं भोक काडीनं कोरून.
उजेडात धरून बघितला. वासही घेतला.

चार दिवसांनी गव्हाचा चीक शिजवून
त्याच सोऱ्यानं कॉलनीभरच्या कुरडया झाल्या,
दरवर्षीसारख्या, सहा बायका, दोन खाटा, जुनं धोतर.
आणि परवा कोकिळाबाई विचारत होत्या,
औंदा चिकात काय घातलं होतं हो,
तळताना असा वास सुटतो,
आमच्या सुनेला लिहून द्या.

आईनं लिहून दिलं.
पहिलं जिन्नस: बडीशेप, भाजून,
पूड करायची नाही.