मागीलदारचं रजिस्टर

कार्तिक.
टपाल कचेरीच्या मागं तीन गुंठे,
भाडेपावतीत कुठंच न नोंदलेले.
चिऱ्याचा गडगा, विहीर, माड दोन,
आणि मी, माणदेशातली,
जिथं पाणी आधी मोजतात, मग पितात.
कुदळ मारली तर ठिणगी उडाली.
माती म्हणतात ती कातळावर अंथरलेली
वीतभर लाल चादर.

गडग्यापलीकडून गोपिका कोयंडे म्हणाली,
"बाय, ह्या मातयेक घाई चलना नाय."

मार्गशीर्षात लाल माठ पेरला, कडेनं मिरची.
दव इतकं, की झारी हातात घेऊन
मी नुसतीच उभी राहायची.
गोपिका बांगडे धुतलेलं पाणी आणून
मिरचीच्या बुडात ओतायची.
आठ दिवस वास. नवव्या दिवशी
पानं कान टवकारल्यासारखी उभी.
मी लिहिलं: खत, बांगडा, एक बादली.

पौषात नोंद नाही. रजेवर होते.
परतले तर माठ जून झालेला, कमरेएवढा,
आणि केळीला कुणीतरी टेकू दिलेला.

माघ सरता सरता सुरंगीच्या फांद्यांवर
गोवर उठावा तशा कळ्या.
पहाटे, उमलायच्या आत, खुडायच्या.
दिवसभर शिक्के मारताना बोटांना तो वास;
पेन्शनची पासबुकं तो घेऊन
मुणग्याच्या वाड्यावाड्यांत गेली.
तक्रार कुणाचीच आली नाही.

चैत्रात विहिरीचा दोर दोन हात वाढला,
वैशाखात आणखी तीन.
हे मात्र मला येत होतं.
भांड्यांचं पाणी अळवाला, आंघोळीचं केळीला,
तांदूळ धुतलेलं ज्याची मान पडली असेल त्याला.
दुपारी पाचोळा मुळांवर, पोत्यासारखा.
गोपिका गडग्याला टेकून बघत राहिली
आणि पहिल्यांदाच तिनं मला विचारलं,
"ह्या खंय शिकलंस?"
रातांबे फोडत होतो. दोघींचे हात लाल.
मी गावाचं नाव सांगितलं.
तिनं ते दोनदा म्हणून बघितलं.

ज्येष्ठात मांडव घातला.
राखेत घोळून ठेवलेलं बी तिनं
करवंटीतून काढून दिलं:
पडवळ, दोडकी, तवशी.

आषाढ.
पाण्यानं मेलेली मिरची मी आधी पाहिली नव्हती.
उपटली तर मुळं शिजलेल्या शेवयांसारखी
हातात आली. ही नोंद
मी दोनदा खोडली, तिसऱ्यांदा राहू दिली.
न पेरलेला टाकळा मात्र पायरीपर्यंत आला,
तोच आठवडाभर ताटात.

श्रावणात पडवळं सुटली.
प्रत्येकाच्या टोकाला दोऱ्यानं दगड बांधायचा,
नाहीतर वेटोळं घालतं.
मांडवाखाली बारा दगड लोंबायचे
आणि वाऱ्यात एकमेकांवर आपटायचे,
टक, टकटक,
बंद पडलेलं तारयंत्र
अजून कुणाला तरी निरोप देतंय तसे.

भाद्रपदात वानर आले.
बरोबर नऊला, मी खिडकी उघडते तेव्हा.
साडेनऊला तवशीचा वेल मोकळा.
एकच तवसं कौलांवर चढलेलं,
ते त्यांना दिसलं नाही, मलाही नाही.
गोपिकाला दिसलं. तिच्या माटवीला गेलं.

एक पडवळ मी मुद्दाम वेलावर ठेवलं.
आश्विनात ते शेंदरी झालं, मग फुटलं.
बी धुतलं, वाळवलं,
राखेसकट लिफाफ्यात घातलं,
आणि स्वतःच्याच खिडकीतून तिकीट विकत घेऊन
भावाला धाडलं.
दिगू, तुझ्याकडं हे येणार नाही.
तरी लाव.

परत कार्तिक.
माठाचे वाफे. तीच कुदळ, ठिणगी जरा कमी.
आज थैलीत त्याचं कार्ड निघालं:
"उगवलं. चार पानांवर आहे.
तू लिहितेस तो दगड
केवढा बांधायचा?"

केवढा? मी कधी मोजलाच नव्हता.
गडग्याशी जाऊन विचारलं.
गोपिकानं कनवटीची सुपारी काढली.
मी ती कोऱ्या कार्डावर ठेवली
आणि पेन्सिलीनं
भोवती गिरवून घेतलं.