तळहाताएवढी जागा

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यामागे
जाळ्यांच्या जुन्या वखारीत आमची व्यायामशाळा.
बाक फणसाच्या फळीचा, बस्त्यांव मेस्तांच्या हातचा.
दांडा म्हणजे एका लाँचच्या पंख्याचा शाफ्ट,
अकरा वर्षं समुद्राखाली फिरला,
आता संध्याकाळी सहाला माझ्या छातीवर येतो-जातो.

"आडवी पडलंस म्हणजे निजलंस असा नाय,"
मेस्त डोक्याशी उभे राहून सांगतात.
"खांद्यांची पाती मागे घे. दोनय.
मधी सुपारी धरूची आसा, असा समज.
आता ती बाकात दाब.
कुल्ले उचलू नको. पाय रोव."

कमरेखाली ते हात घालत नाहीत,
फळ्यांच्या फटी मोजायची सागवानी पट्टी सरकवतात.
पट्टी गेली, म्हणजे ठीक.
मांजर जाईल एवढी कमान नको.

वांक चुकला तर होडी किनाऱ्यावर फुटत नाही,
पाचव्या-सहाव्या मोसमात, आत खोल गेल्यावर सांगते.
पाठीचंही तसंच, म्हणतात,
आणि म्हणताना स्वतःची कंबर चाचपून
विषय बर्फाच्या दरावर नेतात.
(दर मीच लिहिते, कारखान्याच्या वहीत.)

मासेमारी बंदीचे दिवस होते. कारखाना थंड नव्हता,
म्हणजे बंद होता. वखारीत मी एकटी.
चाळीस किलो. सातवं गेलं.
आठव्याला शाफ्ट बरगड्यांवर येऊन बसला
आणि उठेना.
अंगठे दांड्याभोवती होते, ती मेस्तांची शिवी.
कडेच्या खिळी लावल्या नव्हत्या, तीही त्यांचीच ताकीद:
"एकटी आसलंस काय खिळी लावू नको."
डावीकडे कलले.
चकत्या घरंगळल्या, दांडा उसळला, मग उजवीकडच्याही.
फरशीला खळगा पडला, अजून आहे.
त्यात गळकं पाणी साचतं. मांजर पितं.

मेस्त ओरडले नाहीत.
दुसऱ्या दिवशी बाकाच्या दोन्ही अंगांना
उंडीच्या लाकडाचे दोन खांब उभे,
माझ्या फुगवलेल्या छातीपेक्षा बोटभर खाली.
"अडाकलंस तर कमान सोड.
दांडो हेंच्यार बसतलो, तुझ्यार नाय."

गेल्या शनिवारी ते म्हणाले,
"नुसतो दांडो. एकदाच. डोक्याशी रवशीत?"
चपला काढल्या, आणि एकेक मणका
फळीवर मोजून ठेवावा तसे आडवे झाले.
मी पट्टी शोधली. सापडली नाही.
तळहात सरकवला.
जाईना.
चाळीस वर्षं वाकून रंधा मारलेली पाठ,
सांध्यात कापूस भरायलाही जागा नाही
अशी फळीला लागलेली.

"खांदे मागे," मी म्हटलं. "मधे सुपारी."
ते कौलांकडे बघत राहिले. बराच वेळ.
बाहेर कुणीतरी इंजिन सुरू करायचा प्रयत्न करत होतं,
चौथ्यांदा.
मग माझ्या बोटांची टोकं, जेमतेम नखांपर्यंत,
आत गेली.

"पाय रोवा," मी म्हटलं, आणि दांडा दिला.
हात त्याखालून काढले नाहीत.